जवळच्या प्राण्याचे शिक्षण : पर्यावरण शिक्षण संस्थेची वाटचाल आणि मुळशीचे वानर

भारती विद्यापीठाची स्थापना डॉ. पतंगराव कदम यांनी १९६४ साली केली आणि १९९६ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या दोन टप्प्यांच्या मधे, १९९३ साली, विद्यापीठाने पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था सुरू केली. धनकवडीच्या आवारातली ही संस्था आज ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते डॉ. एरक भरूचा पेशाने शल्यविशारद होते आणि वृत्तीने जंगलात रमणारे निसर्ग अभ्यासक. संस्थेच्या नावात ‘शिक्षण’ हा शब्द ‘संशोधन’ या शब्दाच्या आधी येतो. जंगल वाचवायचे तर त्याचा अभ्यास हवाच, पण तो अभ्यास वर्गात, पाठ्यपुस्तकात आणि जंगलाकाठच्या गावात उतरला नाही तर त्याचा उपयोग अर्धाच राहतो, ही धारणा संस्थेच्या पुढच्या कामात सातत्याने दिसते. या लेखाचे प्रतिपादन त्याच धारणेवर उभे आहे. वन्यजीव संवर्धनाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम किती मोठा, हे त्याने निवडलेला प्राणी किती दुर्मीळ आहे यावरून ठरू नये. माणूस आणि तो प्राणी रोज समोरासमोर येतात त्या जागेपर्यंत अभ्यासक्रम पोचतो का, यावरून ते ठरावे. नरवानर गणातल्या प्राण्यांना, म्हणजे माकडे, वानर आणि लोरिस यांना, ही कसोटी सर्वांत नेमकी लागू पडते. आणि ती लावून पाहायला पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका ही योग्य जागा आहे.

संस्थेच्या इतिहासातला सर्वांत दूरगामी टप्पा न्यायालयाच्या निकालातून आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे, असा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळत राहिली आणि २००३ साली न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी एकच गाभा अभ्यासक्रम लागू केला. त्या अभ्यासक्रमासाठी आयोगाने जे पाठ्यपुस्तक तयार करून घेतले ते डॉ. भरूचा यांनी लिहिलेले होते. त्याआधी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रकल्पात, देशभरातल्या शालेय पाठ्यपुस्तकांत पर्यावरणाच्या संकल्पना कितपत आणि कशा आल्या आहेत याची पाहणी याच संस्थेने केली होती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असो वा अभियांत्रिकीचा, देशातल्या पदवीधरांच्या एका अख्ख्या पिढीने जैवविविधतेची ओळख ज्या मांडणीतून करून घेतली, ती मांडणी पुण्यातल्या एका संस्थेत घडली. कोणत्याही संशोधन प्रकल्पाला हा आवाका सहसा लाभत नाही.

यश मोठे आहे म्हणूनच त्याची मर्यादाही नीट पाहायला हवी. गाभा अभ्यासक्रमात एकूण ५० तासिका होत्या आणि आठ घटक. त्यातला शेवटचा घटक क्षेत्रभेटीचा. त्याच्या वाट्याला पाच तासिका. अनेक महाविद्यालयांत या पाच तासिका एखाद्या बागेत किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उरकल्या जातात आणि प्रकल्पवही एकमेकांची पाहून भरली जाते, ही तक्रार शिक्षकांकडूनच वारंवार ऐकू येते. सक्तीचा पेपर म्हणजे पर्यावरणाचे शिक्षण नव्हे, हा आक्षेप त्यातून निघतो आणि तो खरा आहे. पण त्यातून सक्ती काढून टाका असा निष्कर्ष निघत नाही. पुस्तकाने देशभर रुंदी मिळवली, तिला आता खोली द्यायला हवी, एवढेच त्यातून निघते. ही खोली दूरच्या अभयारण्याच्या वार्षिक सहलीने येणार नाही. विद्यार्थी त्याच जागी पुन्हा पुन्हा जाईल, तोच कळप वेगवेगळ्या ऋतूंत पाहील आणि त्या कळपामुळे ज्याचे नुकसान होते त्या माणसाशीही बोलेल, तेव्हा ती येईल. त्यासाठी जागा जवळची हवी आणि प्राणी असा हवा की जो दिवसाउजेडी, नुसत्या डोळ्यांनी दिसेल. वाघ यात बसत नाही. वानर बसतात.

मुळशीचा भूगोल या कामासाठी जणू मुद्दाम आखल्यासारखा आहे. पूर्वेला हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी, मधे पौडचा बाजार आणि भातखाचरे, पश्चिमेला ताम्हिणीचा घाट आणि घाटमाथ्याचे सदाहरित जंगल, हे सगळे एकाच तालुक्यात आहे. ताम्हिणीला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तालुक्याच्या पूर्व टोकाला त्याचा थोडासाच हिस्सा पोचतो. नीला आणि मुळा यांच्या संगमावरचे धरण, त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झालेला सत्याग्रह आणि धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळवले जाणे, हा या भूमीचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. विकासासाठी जमीन कोणी द्यायची आणि त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न इथल्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य घोषित झाले, पण ते सुमारे ५० चौरस किलोमीटरचेच आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली, त्यात महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चारच आहेत. मुळशी त्यात नाही. इथले बरेचसे जंगल मालकीच्या जमिनीवर, देवरायांत, धरणाच्या काठाने आणि शेताच्या बांधावर तुकड्यातुकड्यांनी उरले आहे, आणि या तुकड्यांच्या मधे आता फार्महाऊसच्या भिंती उठत आहेत. संस्थेने २०१० च्या सुमारास उत्तर सह्याद्रीतली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे ओळखण्याचा अभ्यास केला. अशा अभ्यासाची निकड याच प्रकारच्या भूभागाने निर्माण केली आहे. नकाशावर हिरवी रेघ मारून हे जंगल वाचत नाही, कारण रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसे राहतात.

इथे पहिला आक्षेप येतो. मुळशीत नरवानर गणातले दोनच प्राणी सहज दिसतात : काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर आणि डोक्यावर केसांची टोपी असल्यासारखे दिसणारे माकड. सिंहपुच्छ माकड इथे नाही. लोरिस भेटायला तिलारीकडे किंवा गोव्यात जावे लागते. मग गावोगाव दिसणाऱ्या, शेतकऱ्याला नकोशा झालेल्या या दोन प्राण्यांवर विद्यापीठाने शक्ती का खर्चावी? याचे उत्तर विज्ञानाच्या इतिहासातच आहे. १९६१ साली क्योटो विद्यापीठाचे अभ्यासक भारत-जपान संयुक्त प्रकल्पात धारवाडला आले. युकिमारू सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारवाड परिसरातल्या अगदी साध्या, रस्त्याकडेच्या वानरांच्या कळपांची दीर्घकाळ नोंद ठेवली. बाहेरच्या नरांनी कळप ताब्यात घेतल्यावर आधीच्या नराची पिल्ले मारली जातात, हे त्या नोंदींतून पुढे आले. ही विकृती आहे की उत्क्रांतीने घडवलेली वर्तनाची रीत, यावर जगभर दशकानुदशके वाद झाला. सारा ब्लॅफर हर्डी यांचे अबूच्या वानरांवरचे १९७७ सालचे पुस्तक त्याच वादाचा भाग होते, आणि नेपाळमधल्या रामनगर इथल्या कळपांच्या डीएनए तपासणीने १९९९ साली उत्क्रांतीच्या बाजूने ठोस पुरावा दिला. प्राण्यांच्या वर्तनाविषयीचा एक मूलभूत प्रश्न जगापुढे आला तो अशा प्राण्यामुळे, ज्याला शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर कोणीही केळी देतो. सामान्य प्राणी क्षुद्र विज्ञान देतो, हा समज धारवाडने कायमचा खोटा ठरवला.

दुसरे असे की ‘सामान्य’ ही स्थिती टिकाऊ नसते. टोपीवाले माकड फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळते. पश्चिमेला तापीच्या आणि पूर्वेला गोदावरीच्या आसपास त्याची उत्तर सीमा मानली जात असे. २०११ साली इंटरनॅशनल जर्नल ऑफ प्रायमेटॉलॉजी या नियतकालिकात कुमार, राधाकृष्ण आणि सिन्हा यांनी दाखवून दिले की उत्तरेचे लाल तोंडाचे माकड दक्षिणेकडे सरकत आहे आणि त्याच्या वाटेवरचा टोपीवाल्या माकडाचा प्रदेश आक्रसत आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आता टोपीवाले माकड ‘असुरक्षित’ गटात आहे. एका गावात पकडलेली माकडे दुसऱ्या गावाच्या जंगलात नेऊन सोडण्याची पद्धत या घसरणीला हातभारच लावते, कारण त्यात एकाचा त्रास दुसऱ्याच्या पदरात पडतो आणि कळपांची घडी विस्कटते. ज्या प्राण्याची कोणी मोजदादच करत नाही, तो कमी झाला हे कळायला फार उशीर होतो. रस्त्यालगतच्या कळपांची दरवर्षी, त्याच वाटेने, त्याच पद्धतीने नोंद ठेवणे हे काम फार मोठ्या निधीचे नाही. त्याला दरवर्षी नवे विद्यार्थी आणि जागचे न हलणारे शिक्षक लागतात. या दोन्ही गोष्टी विद्यापीठाजवळ असतात, वनखात्याजवळ नसतात.

या कामाची पद्धतही शिकवता येण्याजोगी आहे. जीन आल्टमन यांनी १९७४ साली वर्तन-निरीक्षणाच्या पद्धतींवर लिहिलेला निबंध आजही जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिला दिला जातो. त्यातली एक पद्धत अशी : ठरावीक मिनिटांनी कळपावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची आणि त्या क्षणी दिसलेला प्रत्येक प्राणी काय करतो आहे ते वहीत मांडायचे, मधल्या वेळात कितीही थरारक काही घडले तरी ते या तक्त्यात घालायचे नाही. नाट्यमय तेवढेच टिपण्याच्या मोहाला त्याने आळा बसतो. मग दिसू लागते की वानर दिवसाचा मोठा भाग पाला खाण्यात आणि स्वस्थ बसून तो पचवण्यात घालवतो, कारण त्याचे कप्प्याकप्प्यांचे पोट पानातले तंतू आंबवून पचवते. उंबराखालचे माकड मात्र पटापट फळे तोंडात कोंबते. त्याच्या दोन्ही गालांना आतून पिशव्या असतात, त्या फुगल्या की ते झाडापासून दूर जाते, सुरक्षित जागी बसून एकेक फळ पुढे आणते आणि जांभळासारख्या फळाची बी थुंकून टाकते. बी अशी आईझाडाच्या सावलीबाहेर पडते. हे वहीत स्वतः उतरवलेल्या विद्यार्थ्याला बीजप्रसाराची व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही. घाटातल्या वळणावर पर्यटकांनी टाकलेल्या वेफर्सच्या आणि कणसांच्या तुकड्यांवर तोच कळप तासन्‌तास रेंगाळलेला दिसतो, तेव्हा त्याच तक्त्यातले आकडे बदलतात आणि माणसाचा हस्तक्षेप मोजता येतो. पाच तासिकांना खोली द्यायची म्हणजे काय, ते इथे कळते.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे : माकडे रोग आणतात, मग त्यांच्याजवळ विद्यार्थी कशाला न्यायचे? पुण्याइतके या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कुठल्या शहराला ठाऊक नसेल. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात वानर आणि माकडे मरून पडू लागली, लगोलग जंगलात जाणारी माणसे तापाने आजारी पडली, आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू वेगळा केला. विषाणू गोचिडीतून पसरतो. माकडे त्याने माणसासारखीच आजारी पडतात आणि मरतात. स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू आणला असावा ही शंका तपासण्याच्या निमित्तानेच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षी-वलयांकनाचा मोठा प्रकल्प १९५९ पासून उभा राहिला. पुढे २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हा ताप पसरला, तेव्हाही मेलेले माकड हीच धोक्याची पहिली खूण होती. माकडाला दोषी ठरवून मारणे म्हणजे घंटा वाजली म्हणून घंटाच फोडणे. मेलेल्या माकडाला हात न लावता त्याची खबर ताबडतोब कोणाला द्यायची, जंगलात जाताना अंग कसे झाकायचे, हे ज्या गावाच्या शाळेत शिकवले जाते ते गाव सुरक्षित राहते. सावधपणे, अंतर राखून निरीक्षण करणारा विद्यार्थी या साखळीतला उपयोगी दुवा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याचा भुईमूग उपटला जातो, परसातले आंबे कच्चे असतानाच तोडून टाकले जातात, कौले फुटतात, त्याला बीजप्रसाराचे महत्त्व सांगणे ही जखमेवर मिठासारखी गोष्ट आहे. कोकणात तर वानर आणि माकडे यांच्या उपद्रवामुळे बागायतदारांनी आंदोलनाची भाषा केली आहे. शिक्षणाने पीक वाचत नाही, हे मान्यच करायला हवे. पण शिक्षण वगळून केलेल्या उपायांचे काय होते, तेही पाहायला हवे. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून लाल तोंडाच्या माकडांचे मोठ्या प्रमाणावर निर्बीजीकरण केले. तरीही दहा वर्षांनी, २०१६ साली, त्यांना तिथे उपद्रवी घोषित करण्याची पाळी आली. निर्बीजीकरण व्यर्थ आहे असा याचा अर्थ नाही. उघडा कचरा, देवळाबाहेरचा प्रसाद आणि पर्यटकांचा खाऊ जिथे चालूच राहतो, जंगलातली फळझाडे जिथे तुटतच राहतात, तिथे एकटी शस्त्रक्रिया पुरी पडत नाही, असा आहे. कोणता कळप, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूने शेतात उतरतो आणि त्याआधी त्याचे जंगलातले खाद्य कधी संपते, ही माहिती शेतकऱ्याला राखणीसाठी, वनखात्याला नियोजनासाठी आणि भरपाईच्या धोरणाला आधार म्हणून लागते. ती गोळा करणे हे विद्यापीठाचे काम आहे, आणि ती गोळा करताना शेतकऱ्याला निव्वळ प्रश्नावलीचा धनी न मानता सह-अभ्यासक मानणे ही त्या कामाची अट आहे.

शिक्षणाने नरवानर गणातला प्राणी वाचतो का, याचे जगातले सर्वांत चांगले उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे सोनेरी सिंह टॅमरिन हे इवलेसे माकड जंगलात सुमारे २०० एवढेच उरल्याचा अंदाज होता. १९७४ साली पोसो दास आंतास हे राखीव क्षेत्र झाले, पण त्या माकडाचे उरलेले जंगल बहुतांशी खासगी शेतमालकांच्या ताब्यात होते. १९८० च्या दशकात परदेशी प्राणिसंग्रहालये आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून जो प्रकल्प उभारला, त्यात शाळा, शिक्षक आणि जमीनमालक यांच्यातले शिक्षणकार्य हा पहिल्यापासून मुख्य भाग होता. मालकांनी आपल्या जमिनीतले तुकडे स्वेच्छेने राखीव केले, तुकडे जोडणाऱ्या हिरव्या पट्ट्या लावल्या आणि २००३ साली त्या प्राण्याची धोक्याची श्रेणी एका पायरीने खाली आली. खासगी जमीन, तुटलेले जंगल, वाढते शहर : मुळशीचे वर्णन करायला याहून वेगळे शब्द लागत नाहीत. आपल्याच पश्चिम घाटात सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचले आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. त्या लढ्यात सिंहपुच्छ माकड देशाला ठाऊक झाले, पण लोकमत घडवले ते केरळ शास्त्र साहित्य परिषदेने, गावोगाव मल्याळममधून विज्ञान सांगून. आंतरराष्ट्रीय ज्ञान आणि मातृभाषा यांत विरोध असतो, या समजुतीला हे पुरेसे उत्तर आहे. ज्ञान कुठूनही यावे. ते पोचते मात्र लोकांच्या भाषेतूनच. वानरांची वर्तन-नोंद इंग्रजी नियतकालिकात छापून आली आणि पौड, कोळवण, ताम्हिणीच्या शाळेत मराठीत पोचलीच नाही, तर ती नोंद ज्यांच्या अंगणात घेतली त्यांचे देणे बाकी राहते.

इथे पुण्याच्या जुन्या परंपरेचीही साक्ष काढता येते. महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतले वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास जगासमोर मांडला. लोकांनी श्रद्धेने राखलेले हे तुकडे शास्त्रीयदृष्ट्या किती मोलाचे आहेत, हे त्यांनी दाखवले. पण मूळ ज्ञान गावकऱ्यांचे होते, हेही त्यांनी लपवले नाही. भारती विद्यापीठाच्या संस्थेने ही परंपरा पाठ्यपुस्तकाच्या रूपाने देशाच्या प्रत्येक महाविद्यालयापर्यंत नेली. आता पुढचा टप्पा उलट दिशेचा असायला हवा. देशभर पोचलेले पुस्तक धनकवडीहून मुळशीच्या वाटेला लागले पाहिजे. एखाद्या विद्यापीठात नरवानर गणाच्या संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालवायचा, तर त्याच्या प्रमुखाचे पहिले काम परदेशी विद्यापीठांशी करार करणे हे नाही. एका तालुक्यातल्या काही कळपांची पंधरा-वीस वर्षे न तुटणारी नोंद, त्या तालुक्यातल्या शिक्षकांचे नियमित प्रशिक्षण आणि नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यासाठी मराठीतून, वेळेवर दिलेली माहिती, या तीन गोष्टींची हमी देणे हे पहिले काम आहे. ही हमी असली की क्योटोचा किंवा ब्राझीलचा अभ्यासक इथे शिकण्यासाठीच येईल. तीस वर्षांत या संस्थेने शिक्षणाला संशोधनाच्या आधी ठेवण्याचे धाडस दाखवले आहे. त्या धाडसाची पुढची परीक्षा मुळशीत आहे, आणि ती देण्यासाठी लागणारे पुस्तक, पद्धत आणि परंपरा संस्थेच्या हाती आधीच आहेत.